तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कॅप्सूल मी का सोडल्या

"तूच तर आम्हाला त्या स्मरणशक्तीच्या कॅप्सूल सुरू करायला लावल्यास, आणि आता स्वतःच घेत नाहीस?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की कुणी "तूच तर" म्हणून सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. आजवर "कंटाळा आला गं" म्हणून वेळ मारून नेली. कंटाळा बिंटाळा काही आला नव्हता.

पाळी जाताना आणि गेल्यावर डोक्याचं काय होतं, नावं कशी अडतात, ते तुम्हाला सांगायला नको, सगळ्याजणी त्यातूनच गेलोय. मी ५१व्या वर्षी ब्राह्मी, जिंको बिलोबा या झाडाच्या पानांचा अर्क आणि सोयातले आयसोफ्लेवोन्स, म्हणजे इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनशी मिळतेजुळते घटक, अशी एकत्र कॅप्सूल सुरू केली. सहाएक महिन्यांत अडलेली नावं वेळेवर तोंडात यायला लागली. मग काय, सांगत सुटले. "झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना?" हे माझं लाडकं वाक्य होतं. ते माझ्याच तोंडचं आहे, नाकारत नाही.

ती तेव्हाची मी अजूनही माझ्याशी भांडते. म्हणते, फरक पडला होता की नाही? पडला होता. पण अमेरिकेत स्वान नावाचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं बायकांच्या मागोमाग चाललाय. त्यातल्या दोन हजारांहून जास्त जणींच्या चाचण्यांवरून २००९ साली असं दिसलं की नवीन गोष्ट शिकून लक्षात ठेवण्याचा वेग पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात मंदावतो आणि ती पूर्ण गेल्यावर पुन्हा सुधारतो. म्हणजे मी गोळी घेतली ती नेमकी डोकं आपोआप ताळ्यावर येण्याच्या बेताला. श्रेय कुणाला द्यायचं? तेव्हाची मी म्हणते, गोळीला. आत्ताची म्हणते, सिद्ध कर. दोघींचं अजून मिटलेलं नाही.

सोयाची तर माझी पुरती निराशा झाली. विश या चाचणीत पाळी गेलेल्या ३५० बायकांपैकी निम्म्यांना अडीच वर्षं रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन दिलं. २०१२ साली निकाल आला: एकूण बुद्धीच्या कामात फरक नाही, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लक्षात ठेवण्यात किंचित बरं. शिवाय सोयातल्या एका घटकापासून इक्वोल हा इस्ट्रोजेनसारखा पदार्थ बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतातच. जिंकोचं त्याहून वाईट. ७५ आणि त्यापुढच्या वयाची ३०६९ माणसं, दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम, सुमारे सहा वर्षं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, काही कमी झाला नाही. हे २००८ सालीच छापून आलं होतं. मी गोळ्या सुरू केल्या त्याच्या कितीतरी आधी. वाचलं नव्हतं, कारण वाचायचं नव्हतं.

पण आकडे वाचून मी गोळ्या सोडल्या असं समजू नका. तेवढी शहाणी मी नाही. सोडल्या त्या ताईमुळे.

ताई माझ्याहून ९ वर्षांनी मोठी. जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिलेली बाई. दुसऱ्याच्या बेरजेतली चूक तिला उलट्या बाजूनं दिसते. एका दुपारी तिनं मला एकच गोष्ट तीनदा सांगितली आणि मी माझी बाटली तिच्या हातात ठेवली. "सकाळी एक, रात्री एक. माझ्याकडे बघ, पटेल." एरवी ती माझं कधी ऐकत नाही. याच बाबतीत ऐकलं. वहीत सकाळ-रात्र असे रकाने आखले, घेतली की बरोबरची खूण.

असे आठ महिने गेले. फोनवर मी विचारायची, "घेतेस ना?" ती म्हणायची, "घेते." तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं. मध्ये एकदा म्हणाली, "पाऊल कापसावर पडल्यासारखं वाटतं गं." मी म्हटलं, "वयाचं आहे, चप्पल बदल." शब्दन् शब्द आठवतंय. नको तिथं स्मरणशक्ती चोख असते.

मग तिच्या सुनेनं ती वही मला आणून दाखवली. एका मंगळवारी सकाळच्या रकान्यात तीन खुणा. पुढचे चार दिवस कोरे. मग एकाच दिवसासमोर ओळीनं सात. सात गोळ्या घेतल्या की सात खुणा केल्या, ते ताईलाही सांगता येईना.

डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. ताईनं सुरेख गोल काढला, आकडे जागच्या जागी मांडले आणि एक काटा अकरावर, दुसरा दहावर ठेवला. मग माझ्याकडे बघून हसली, पेपर सगळ्यांच्या आधी सोडवून झालेल्या मुलीसारखी. मीही हसले. दुसरं काय करणार होते? डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "थरथर जाणवते?"

"लावलात का?" ताई म्हणाली.

डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर ती एका अंगाला कलली. मी धरलं.

रक्तात बी-१२ जीवनसत्त्व निघालं ११२. साधारण २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात, आणि ताईचं विसरणं, पायांची बधिरता त्यातूनच. ताई पक्की शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन, आणि त्यानं बी-१२ चं शोषण कमी होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाटली उलटीसुलटी करून लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "यात सगळं वनस्पतींचं आहे. यांना जे कमी पडलंय ते वनस्पती बनवतच नाहीत, जिवाणू बनवतात." मग जरा थांबून, "अ‍ॅस्पिरिन चालू असताना जिंको कुणी दिलं? रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. ताई म्हणाली, "मीच आणलं."

इंजेक्शनं सुरू झाली. तीन-चार महिन्यांत डोकं बरंच निवळलं, घड्याळाचे काटे जागेवर आले, माझ्या बेरजाही पुन्हा तपासायला लागली. पायांचं तसं झालं नाही. अर्धी बधिरता राहिली ती राहिलीच. अंधारात ती भिंतीला हात लावून चालते. आठ महिने आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. मला येतं.

आता कुणीतरी म्हणणार, म्हणजे झाडपाला सगळा थोतांड? असं मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. ब्राह्मीच्या अर्काच्या बारा आठवड्यांच्या काही चाचण्यांत आठवण्याच्या कसोट्यांत सुधारणा दिसली आहे. चाचण्या छोट्या आहेत, पण आहेत. फक्त ब्राह्मी म्हणून बाकोपाही विकतात आणि मंडूकपर्णीही, झाडं दोन वेगळी. माझ्या बाटलीवर नुसतं "ब्राह्मी" लिहिलेलं होतं आणि कुठली ते मी एकदाही विचारलं नाही. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही मला नंतर कळलं. आणि हो, "मग पाळी गेल्यावर देतात ती हार्मोन्स तरी कुठं बिनधोक?" हा तुमचा टोला मला मान्य आहे. ६५च्या पुढं इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या बायकांत डिमेन्शियाचं प्रमाण दुप्पट दिसल्याचं २००३ साली जाहीर झालं, त्यानंतर किती जणी घाबरून झाडपाल्याकडे वळल्या असतील. त्यांना मी नावं ठेवत नाही. मीही त्यांच्यातलीच.

माझा राग त्या गोळीवर नाहीच. बाटली हातात आल्यावर मी ताईला पुढचं काही विचारलं नाही, राग त्याचा आहे. म्हणून आता कुणी "कुठली घेऊ?" म्हणालं की मी आधी बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब, झोप आणि ऐकू नीट येतं का, हे विचारत बसते. तुम्हाला त्याचा वैताग येतो, दिसतं मला.

माझ्या कपाटात त्या बाटलीत अजून १९ कॅप्सूल आहेत. टाकून का देत नाही, माहीत नाही. गेल्या आठवड्यात ताईनंच फोनवर विचारलं, "तुझ्या त्या गोळ्या उरल्यात का गं? त्या घ्यायचे तेव्हा झोप छान लागायची."

मी म्हटलं, संपल्या.