उज्जीवनाच्या आधीचा रविवार

रविवार, रात्री उशिरा

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब म्हणाले, एकमेकांना शांती द्या. नेहमीसारखी सगळी मंडळी उठली. बाकांची करकर, खोकले, "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त". मावशी आमच्याच रांगेत सरकत आली. सासूबाईंना शांती दिली, धाकटीला दिली, वर तिच्या गालावरून हात फिरवला. आणि मग माझ्या खांद्यावरून हात लांबवून थेट मागच्या रांगेतल्या शिक्षकबाईंना. माझा हात मधेच राहिला. मी तो पदराशी नेला, जणू पदरच सावरायचा होता.

एवढंच झालं. पुढे भाकर आली, प्याला आला, मी घेतलं. चव लागली नाही.

मंडळीच्या ट्रस्टचे विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात जो चेंज रिपोर्ट द्यायचा, ज्यावरून आमच्यात दोन पॅनेल पडलीत, त्याच्यावर सही ह्यांची आहे, माझी नाही. सुनावणीच्या तारखेला हे जातात, मी जात नाही. मग हात माझाच का टाळला? ह्यांचा घेतला असता का? ते तर आले नव्हते. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी डबा कोण नेत होतं, ते तरी आठवायचं. जाऊ दे. डब्याचं काढलं की आपलीच किंमत कमी होते.

त्यात कहर म्हणजे भक्ती संपताना सूचना: शुक्रवारपासून तीन दिवस उज्जीवन सभा, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा जागा करायच्या, वक्ते बाहेरून, सहकुटुंब या. पावसाचं सांगता येत नाही म्हणून हॉलमध्ये. फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यावर कमिटीत अजून घोळ चाललाय म्हणे. दोन्ही पॅनेलचे सगळे बसवायचे तर वधस्तंभाला जागा उरत नाही. हे जेवताना सांगत होते आणि हसत होते. मला हसू येईना.

आजींच्या तोंडून पुण्याकडच्या केडगावचं उज्जीवन इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे होते असंच वाटतं. जून 1905. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या त्या मुली, कुणी मध्य प्रांताच्या दुष्काळातून आणलेल्या, कुणी गुजरातच्या. रमाबाई त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रोज त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसत होत्या. आणि मग एके दिवशी जणू धरण फुटलं. मुली मोठमोठ्याने रडत होत्या, आपापली पापं सगळ्यांदेखत बोलून दाखवत होत्या, आणि त्यातून सावरल्यावर टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. त्या गलक्यावर तेव्हाही टीका झाली होती. आमच्याकडे आता गलका तेवढा राहिलाय, कारण साउंड सिस्टीम भाड्याने मिळते. सगळ्यांदेखत बोलून दाखवणं भाड्याने मिळत नाही. शुक्रवारी वक्ते हात वर करायला सांगतील, आणि मावशीचा हात सगळ्यांत आधी वर जाईल. तोच हात.

बघा, परत तिथेच आले.

मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. शब्बाथ शाळेत मुलांना हे मीच शिकवते. पण नीट पाहिलं तर राग भावाच्या मनात आहे आणि उठून जायचंय मी. हे मला पहिल्यापासून अन्यायाचं वाटत आलंय. पाळकसाहेबांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, यावर पुढे एक पूर्ण उपदेश करीन." तो उपदेश अजून यायचाय.

आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनाही हे असलंच काही सोसवेना झालं असेल का? 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, जो ख्रिस्ताचा तो आपला. दोन वर्षं व्हायच्या आत ते गेलेच. नगर-राहुरीची माणसं त्यांचं नाव घेताना छाती फुगवतात, आणि दरबाराचा विषय निघाला की घड्याळ बघतात. आपल्या उत्तर भारत मंडळीचंही तसंच. 1970 साली नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, केवढी मोठी गोष्ट! अँग्लिकन आणि बाप्टिस्ट एका छपराखाली आले, आणि आम्हाला एक बाक पुरत नाही.

आमचंच असं आहे, असंही नाही म्हणा. माहेरी विकास सोसायटीची निवडणूक झाली की त्या वर्षी अर्ध्या भावकीच्या लग्नपत्रिका येत नाहीत. मयतीला येतात, पण टोपी न काढता लांब उभे राहतात.

परवा निवृत्तिनाथांची पालखी शहरातून गेली. मी भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होते. दिंडीतला एक म्हातारा थांबला, "माऊली" म्हणाला आणि माझ्या पायाशी वाकला. माझ्या! मी घाबरून पिशवीसकट मागे सरले, मग मीही वाकले, कोथिंबीर रस्त्यावर. त्याने ती गोळा करून दिली आणि विचारलं, मोबाईल चार्जिंगला कुठे लावायला मिळेल का. मला हे फार आवडलं. माणूस कोण, कुठल्या पॅनेलचा, काही न विचारता आधी वाकायचं, चार्जिंगचं मागून. आता हाच म्हातारा आषाढी करून गावी गेल्यावर बांधावरून चुलत्याशी भांडत नसेल, असं मी लिहून देणार नाही. भांडत असेलच. पण वर्षातून काही दिवस तरी त्याच्या पाठीच्या कण्याला वाकायची सवय राहते. आम्ही गुडघे टेकतो, तेही गादी लावलेल्या फळीवर, समोर वेदीकडे बघत. शेजारच्यासमोर वाकायची वेळच येत नाही.

मावशी माझ्यासमोर वाकावी असं मुळीच म्हणणं नाही. तिचे गुडघेही गेलेत बिचारीचे. आज सरकत येताना बाकाला धरधरून येत होती, ते आत्ता लिहिताना डोळ्यांपुढे आलं. दिसलं तरी राग गेला नाही, हेही लिहून ठेवते.

हे लिहीत होते तोवर महिला मंडळाच्या ग्रुपवर पाळकीणबाईंचा मेसेज आला. सभेच्या कामांची वाटणी. शनिवार, नाश्ता, दोनशे माणसांचे पोहे: मावशी आणि मी. दोघीच. हा पवित्र आत्म्याचा हात म्हणावा की पाळकीणबाईंचा, कोण जाणे. बाई वाटतात तितक्या साध्या नाहीत. मावशी ऑनलाइन दिसते. उत्तर नाही. मीही अंगठा दाखवलेला नाही अजून.

ती पोह्यांत साखर फार घालते. पहाटे पाचला पोचावं लागेल, तिच्या आधी. कांदे मात्र मी चिरणार नाही, एवढं आत्ताच ठरलं.