आमची वाटचाल: सोलापुरात घडलेली डिस्कची हत्यारं

सात रस्त्याजवळच्या दोन खोल्यांत आमचं काम चालतं. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा आम्ही काढून देतो, आणि विकायला निघालेल्या जुन्या डिस्क पुसून देतो. एका कामात एक बाइटही बदलता कामा नये, दुसऱ्यात एकही बाइट उरता कामा नये. दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात, म्हणून आमची हत्यारं, म्हणजे छोटे प्रोग्राम, आम्हीच सी भाषेत लिहिली. त्यांतल्या कमांडचे (टाइप करून द्यायच्या आज्ञांचे) ऑप्शन, म्हणजे आज्ञेपुढे जोडायच्या सूचना, ठरवायला कॉपी करणाऱ्या कोडपेक्षा जास्त वेळ गेला. तो वेळ सार्थकी लागला असं मी मनापासून मानतो.

सुरुवात साध्या संगणक दुरुस्तीने झाली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून मशीन यायची. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्डच्या (विणताना नक्षी उमटवणाऱ्या यंत्राच्या) डिझाइन फाइली बहुतेकदा एकाच जुन्या संगणकावर असतात. कापसाची धूळ पंख्यात बसते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि डिस्क बसते. मालक म्हणायचे, "मशीन राहू द्या हो, डिझाइनं तेवढी काढून द्या." पुढे लग्नाचे फोटोग्राफर येऊ लागले. त्यांच्या डिस्कवर दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं कार्य असतं, आणि ते परत शूट करता येत नाही. हळूहळू दुरुस्ती मागे पडली आणि डेटा हेच आमचं काम झालं.

पहिली काही वर्षं आम्ही लिनक्सवरची तयार हत्यारं वापरली. खराब डिस्कची प्रत काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू आजही वापरतो. कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला हे ते मॅपफाइलमध्ये नोंदवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. जशीच्या तशी प्रत काढणारी जुनी कमांड, मूळ डीडी, मात्र आम्ही टेबलावरून हटवली. त्यात कुठून वाचायचं ते ‘आयएफ’ने सांगायचं आणि कुठे लिहायचं ते ‘ओएफ’ने. एका अक्षराचा फरक! एका फोटोग्राफरची डिस्क आमच्याकडे आली तेव्हा दुसरीकडे कुणीतरी हीच दोन अक्षरं उलटी दिली होती आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली होती. वरून लिहिलं गेलेलं परत येत नाही, हे त्याला समोर बसवून सांगावं लागलं. त्या आठवड्यातच आम्ही आमची कमांड लिहायला घेतली.

आधी मी आणि माझ्या भागीदाराने बाकीच्या हत्यारांचे ऑप्शन शेजारी शेजारी मांडून वाचले. छोटा ‘-एन’ घ्या. डिस्कचे भाग पाडणाऱ्या ‘एसएफडिस्क’ आणि फॉरमॅटच्या खुणा पुसणाऱ्या ‘वाइपएफएस’मध्ये त्याचा अर्थ ‘प्रत्यक्ष काही करू नका, फक्त दाखवा’. फॉरमॅट करणाऱ्या ‘एमकेई२एफएस’मध्येही तसंच. डिस्कवरची रचना तपासणाऱ्या ‘ई२एफएसके’मध्ये तो डिस्क फक्त वाचायला उघडतो आणि प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो. डीडीरेस्क्यूत तो खराब भागाची शेवटची खरवड (तुकड्यातुकड्याने वाचून पाहणं) टाळतो. आणि फॉरमॅटच करणाऱ्या ‘एमकेएफएस.व्हीफॅट’मध्ये ‘-एन’ म्हणजे डिस्कला द्यायचं नाव. तिथे तो दिला की फॉरमॅट खरोखरच होतो. प्रत्येकाने आपापल्या जागी विचार करूनच अक्षर निवडलं असेल, पण रात्री उशिरा कामाला बसलेल्या मुलाच्या बोटांना हे सगळं लक्षात ठेवायला लावणं मला पटत नाही. म्हणून डिस्कवर लिहिणाऱ्या कुठल्याही कृतीला आमच्याकडे एकाक्षरी ऑप्शन नाही. आणि काहीच ऑप्शन दिला नाही तर कमांड फक्त वाचते आणि काय करणार होती ते छापते. लिहायला लावायचं तर पूर्ण शब्द टाइप करावा लागतो.

सीमध्ये लांब ऑप्शनसाठी ‘गेटऑप्ट_लाँग’ हे फंक्शन (कोडचा तयार तुकडा) असतं. त्याला एक तक्ता द्यायचा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: नाव, पुढे किंमत (ऑप्शनसोबत द्यायचा शब्द किंवा आकडा) लागते का, एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि परत मिळणारा आकडा. शेवटची ओळ शून्यांची असलीच पाहिजे, नाहीतर फंक्शन तक्त्याबाहेर वाचत सुटतं. ज्यांना एकाक्षरी रूप नाही अशा ऑप्शनांचे आकडे आम्ही एका ‘इनम’मध्ये (नावं दिलेल्या आकड्यांच्या यादीत) २५६ पासून पुढे ठेवतो. एकाक्षरी ऑप्शनांच्या अक्षरांचे आकडे त्याखाली असतात, म्हणजे कुठल्याच अक्षराशी टक्कर होत नाही. इथपर्यंत सगळीकडे शिकवतात. पुढच्या दोन गोष्टी मात्र डिस्कच्या कामात फार महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हे फंक्शन अर्धवट नाव स्वीकारतं. ‘--इरेज’ (पुसा) असा एकच जुळणारा ऑप्शन असेल तर ‘--इर’ लिहिलं तरी चालतं. इतर प्रोग्रामात ही सोय आहे. पुसण्याच्या कामात ती नको. ती बंद करायचा अधिकृत मार्ग नाही, म्हणून फंक्शन परतल्यावर मूळ टाइप केलेला शब्द आम्ही पुन्हा अक्षरशः तपासतो. पूर्ण नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबतो.

दुसरी गोष्ट ऐच्छिक किमतीची. असा ऑप्शन केला की त्याची किंमत बरोबरच्या चिन्हाने चिकटवूनच द्यावी लागते. मध्ये जागा सोडली तर पुढचा शब्द सुटा पडतो, आणि डिस्कच्या हत्यारात सुटा शब्द म्हणजे सहसा डिस्कचं नाव! आमच्या तक्त्यात ऐच्छिक किंमत नाहीच. किंमत हवीच किंवा नकोच.

आकारांचीही अशीच काळजी. डिस्कच्या लेबलवरचा एक टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट. २ च्या घातात मोजलं तर एक टीआयबी १०,९९,५१,१६,२७,७७६ होतो, म्हणजे जवळपास १० टक्के जास्त. नुसतं ‘टी’ लिहिलं तर आम्ही अंदाज बांधत नाही, परत विचारतो. टाइप केलेला आकडा वाचायला सीमधलं ‘एटूआय’ हे फंक्शन तर मुळीच वापरत नाही, कारण त्याला चूक सांगताच येत नाही. त्याच कामाचं ‘स्ट्रटूयूएलएल’ बरं, पण ते उणे एक हा आकडाही निमूटपणे घेतं आणि त्याचा सर्वांत मोठा आकडा करून देतं. म्हणून उणे चिन्ह आम्ही आधीच अडवतो.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती ‘--इरेज’च्या किमतीवर. लिनक्स डिस्कला देतं ते ‘एसडीबी’सारखं नाव पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. म्हणून आम्ही किमतीत डिस्कचा सीरियल नंबर मागतो, लेबलवर छापलेला. तो टाइप करायचा तर डिस्क हातात घेऊन बघावीच लागते. डिस्क यूएसबीने जोडायचे डॉक कधी कधी स्वतःचाच नंबर सांगतात, त्यामुळे पुसायची डिस्क आम्ही थेट साटा केबलने (डिस्कच्या मूळ जोडणीने) जोडतो. नंबर जुळला तरी उघडताना ‘ओ_एक्सक्ल’ (दुसरं कुणी वापरत नसेल तरच उघड, ही सूचना) लावतो. डिस्क कुठे माउंट (वापरासाठी जोडलेली) असेल तर लिनक्स ती उघडू देत नाही.

मदतीचा मजकूर मराठीत हवा हा आग्रह आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीचा. तिचं घर साखर पेठेतलं, घरात तेलुगू बोलतात, तिचं शिक्षण मराठी शाळेत झालं. अडचण अशी आली की सीमधलं मजकूर छापणारं ‘प्रिंटएफ’ रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. रकाने वेडेवाकडे दिसायला लागले. तिने रकानेच काढून टाकले. एका ओळीत ऑप्शन, खालच्या ओळीत थोडं आत सरकवून मराठी वाक्य. आता नवा मुलगा आला की तो पहिल्या दिवशी हेच वाचतो, आणि त्याला वेगळं फारसं सांगावं लागत नाही.

पुसण्याचं काम अलीकडे वाढलं आहे. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, पॅथॉलॉजी लॅब जुने संगणक विकण्याआधी डिस्क पाठवतात. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला, तेव्हापासून विचारणा जास्त होते. आम्ही प्रत्येक डिस्कसोबत एक पान देतो. त्यावर सीरियल नंबर, आकार, वेळ आणि चालवलेली कमांड ऑप्शनसकट, जशीच्या तशी. ती ओळ वाचून आम्ही काय केलं हे कुणालाही पडताळता येतं. ऑप्शनांची नावं पूर्ण शब्दांची असल्याचा इथे उपयोग झाला.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांची डिस्क) वरून लिहून पुरती पुसली जात नाही, तिच्या आतल्या कंट्रोलर चिपलाच आज्ञा द्यावी लागते. साटा एसएसडीसाठी ती सोय आम्ही केली आहे. एनव्हीएमई या नव्या, जास्त वेगवान जातीच्या एसएसडीत आणखी एक पेच आहे. काही डिस्कवर फॉरमॅटची आज्ञा एका नेमस्पेसला (डिस्कच्या एका स्वतंत्र भागाला) दिली तरी ती सगळ्यांना लागू होते. म्हणून नेमकं काय काय जाणार याची यादी आधी छापायची आणि ती यादी मान्य असल्याचा वेगळा ऑप्शन मागायचा, असं ठरलं आहे. ते लिहून आणि तपासून होईपर्यंत एनव्हीएमई डिस्क पुसायला आम्ही घेत नाही. कुणी आणलीच तर डेटा काढून देतो आणि डिस्क तशीच परत करतो.