नकाशात नसलेला नाला

आमच्या लेआउटच्या, म्हणजे शेतात प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, मागून एक नाला वाहतो. नगरपरिषदेने प्रसिद्ध केलेल्या प्रारूप विकास योजनेच्या नकाशात मात्र तो नव्हता. त्याच्या जागी सलग पिवळा रंग होता, म्हणजे रहिवासी क्षेत्र. नाल्याच्या काठापासून अंतर सोडूनच बांधकाम करावं लागतं, पण कागदावर नालाच नसेल तर अंतर मोजायचं कुठून?

नागपूरला लागून असलेल्या आमच्यासारख्या गावांत आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपरिषद आली. शेतांवर लेआउट पडले आणि पाणी वाहून जायच्या वाटा एकेक करून बुजत गेल्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्या पाण्यात गेल्या, माणसं गेली. त्या रात्री आमच्या नाल्याचं पाणीही मागच्या ओळीतल्या घरांच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. त्यामुळे तो पिवळा रंग पाहिला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

योजनेची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात आली होती. हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस. हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ मध्ये आहे. रस्त्याची रुंदी, शाळेचं आरक्षण, बागेची जागा, पुढच्या वीसेक वर्षांचं सगळं या एका नकाशात ठरतं आणि त्यावर सामान्य माणसाने बोलायची हक्काची वेळ एवढीच. आम्ही नगरसेवकाच्या मागे लागतो ते डांबर उखडल्यावर. पण तो रस्ता तिथे का आहे हे कधीच ठरून गेलेलं असतं.

नकाशा नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतीवर लावला होता. पहिल्या दिवशी टेबलावरच्या बाबूंनी सांगितलं, "मॅडम, प्लॅन आम्ही नाही बनवला, वरून आला." मी आमच्या परिसराचा भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातला तेवढा तुकडा, मागितला, पैसे भरले आणि तो घेऊनच परतले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नगररचना विभागातले एक तरुण अधिकारी भेटले. त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. ते म्हणाले, "नाला आहे हे मला सांगून उपयोग नाही ताई. महसुली कागदावर आहे हे दाखवा."

माहितीच्या अधिकारात अर्ज करावा तर उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच, तोवर हरकतीची मुदत संपणार. म्हणून सरळ भूमी अभिलेख कार्यालय गाठलं आणि आमच्या मौज्याच्या, म्हणजे महसुली गावाच्या, गाव नकाशाची प्रमाणित नक्कल मागितली. ती हातात आली तेव्हा तिथल्याच बाकावर बसून उलगडली. खसऱ्यांच्या, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे क्रमांकांच्या, आकड्यांमधून दोन बारीक समांतर रेषा नागमोडी खाली उतरत होत्या, मध्ये बाण, पाणी कुठे जातं ते दाखवणारा. आमचा खसरा शोधला, बोट फिरवत गेले, आणि त्या रेषा नेमक्या आमच्या मागच्या भिंतीजवळून गेल्या. हा नकाशा लेआउटच्या कितीतरी आधीचा. कुणीतरी साखळी घेऊन उन्हातान्हात ही जमीन मोजली होती आणि नाल्याची नोंद सोडली नव्हती. मला त्या अनोळखी मोजणीदाराबद्दल फार कृतज्ञता वाटली.

दुसरा कागद सातबारा. आमच्या शेजारच्या खसऱ्याच्या जुन्या सातबाऱ्यावर पोटखराबीत, म्हणजे लागवडीबाहेरच्या जमिनीत, 'ब' वर्गाखाली क्षेत्र होतं. 'अ' वर्ग म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, खडक वगैरे. 'ब' म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन. पटवारीसाहेबांनी हा फरक शांतपणे समजावून दिला. पुढे सुनावणीत याच एका अक्षराने काम केलं.

गावठाणातल्या एका म्हाताऱ्या काकाजींना मी नाल्यापाशी घेऊन गेले. ते म्हणाले, "हा नाला आमच्या आज्यापासून हाय, पोरी. उन्हाळ्यात कोल्डा पडते, म्हणून लोकायले वाटते जागा रिकामी हाय." त्यांचा लेखी जबाब मी हरकतीला जोडला.

मग लेआउटच्या मंदिरात बैठक झाली. तिथे तयार झालेल्या पहिल्या पत्रात नाला होता, पथदिवे होते, नळाचा दाब होता, मोकाट कुत्रीही होती. सगळ्या तक्रारी खऱ्या, पण विकास योजनेच्या हरकतीत पथदिव्याला जागा नाही. मी हट्ट धरला की एका पानावर एकच विषय, खसरा क्रमांकासह, आणि शेवटी नेमकी मागणी: नाला निळ्या रंगात दाखवा, दोन्ही काठांना हरित पट्टा ठेवा आणि आखलेला रस्ता नाल्यावरून नेताना पूल धरा. काहींना हे कोरडं वाटलं. माझं मत आजही तेच आहे. समितीपुढे ढीगभर हरकती असतात, तिथे चौथ्या परिच्छेदात दडलेली मागणी कोण शोधत बसणार?

खरी अडचण बाहेरची नव्हतीच. आमच्याच मागच्या ओळीतल्या एका भाऊंनी आयुष्यभराची पुंजी लावून नाल्याला लागून प्लॉट घेतला होता. हरित पट्टा आला तर त्यांच्या बांधकामाची जागा आक्रसणार. ते बैठकीत म्हणाले, "तुमचं घर झालं बांधून. माझं काय?" यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. ज्याने नाल्याकाठी प्लॉट पाडून विकले तो पैसे घेऊन मोकळा, आणि नियम पाळायची वेळ आली की भरडला जातो घेणारा. मी त्यांना वेगळी सूचना द्यायला सांगितलं, की त्यांच्या जागेचा मोबदला मिळावा किंवा रेषा प्रत्यक्ष मोजणी करूनच आखावी. ती त्यांच्या नावाने मीच लिहून दिली. त्यांनी ती दिली, पण आमच्या हरकतीवर सही केली नाही. आमच्यातलं बोलणं अजून पहिल्यासारखं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

आवक टेबलवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हललो नाही. ती पोच फार जपली, कारण सुनावणीचं पत्र त्या क्रमांकावरच येतं.

सुनावणी कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थानिक संस्थेचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी रचना कायद्यात आहे. आमच्याकडे निवडणुका रखडून प्रशासक होते, त्यामुळे समोर निवडून आलेलं कोणीच नव्हतं. व्हरांड्यात सकाळपासून गर्दी. कुणाच्या घरावरून रस्ता गेलेला, कुणाच्या दोन एकरांवर खेळाचं मैदान पडलेलं. आमची पाळी आली ती जेमतेम पाच मिनिटांसाठी. एका निवृत्त नगररचनाकारांनी विचारलं, "हा नैसर्गिक नाला आहे की लेआउटचं सांडपाणी वाहतंय?" मी गाव नकाशा पुढे सरकवला, त्यावर भाग नकाशा ठेवला आणि सातबाऱ्यावरच्या 'ब' वर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नकाशे जुळवून पाहिले, शेजारच्या अधिकाऱ्याला खसरा क्रमांक लिहून घ्यायला लावला आणि एवढंच म्हणाले, "ठीक आहे, पाहतो." निर्णय तिथे होत नाही, समिती अहवाल देते.

पुढचे कित्येक महिने काहीच कळलं नाही. आम्ही अधूनमधून जाऊन विचारत राहिलो. अखेर बदलांची यादी लागली, तेव्हा तिच्यात आमचा मौजा आणि खसरा क्रमांक होता. नाला गाव नकाशाप्रमाणे दाखवावा, ही मागणी मान्य. हरित पट्टा फक्त आमच्या बाजूच्या काठाला मिळाला, समोरच्या काठावर मंजूर लेआउट आहे असं कारण दिलं. हे मला पटलेलं नाही. पाणी एकाच काठाने चढत नाही. रस्त्याच्या पुलाबद्दल 'अंमलबजावणीच्या वेळी विचार करावा' असा शेरा आहे.

योजना आता राज्य शासनाकडे कलम ३१ खालच्या मंजुरीसाठी गेली आहे. समोरच्या काठाबद्दल आम्ही नगररचना संचालनालयाला वेगळं निवेदन दिलं आहे, दोन्ही नकाशे जोडून. दरम्यान त्या बाजूला मुरमाचे ट्रक खाली व्हायला लागले, म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला आणि नाल्याच्या हद्दीची मोजणी मागितली आहे. मोजणीच्या दिवशी मागच्या ओळीतले भाऊही येतो म्हणालेत.