तुम्ही विचारलंत म्हणून: मला 'टेम्पल ऑफ डूम' का आवडतो

आम्ही काही मंडळी कुडाळात एकत्र बसून सिनेमे बघतो. तिथे मला हटकून विचारलं जातं, "सर, हॉलिवूडच्या इंडियाना जोन्सचा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'सारखा झकास साहसपट असताना तुम्हाला त्याच्या पाठोपाठ आलेला तो काळाकुट्ट 'टेम्पल ऑफ डूम' का आवडतो? त्यात तर आपलीच बदनामी केली आहे."

बदनामी आहेच. मेजवानीत साप आणि माकडाचा मेंदू वाढतात, ते धादांत खोटं आहे. जिची आपण आई म्हणून ओटी भरतो ती देवी तिथे फक्त रक्त मागते, याचा मला आजही राग येतो. भारत सरकारने पटकथेत बदल मागितले, ते जमले नाहीत आणि त्यातलं हिंदुस्थानी गाव श्रीलंकेत उभं राहिलं. सरकारचा आक्षेप रास्तच होता.

पण ते गाव बघा. देवळीतला दगड राजवाड्याच्या माणसांनी पळवून नेलाय. तेव्हापासून विहिरी आटल्या, शेतं करपली आणि शेवटी गावातली पोरं नाहीशी झाली. परदेशातल्या प्रेक्षकाला ही निव्वळ गोष्ट पुढे ढकलण्याची सोय वाटत असेल. आपल्याकडे तसं नाही. आपल्या कितीतरी देवस्थानांत मूर्ती नसते, पाषाणच असतो, आणि त्याच्यापुढेच "बा देवा म्हाराजा" म्हणून गाऱ्हाणं घातलं जातं. गावाची राखण करणारा तो पाषाण गेला तर मागे काय उरतं, हे तळकोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या गावातला म्हातारा बोलू लागतो तेव्हा माझ्या तोंडून आपसूक "व्हय म्हाराजा" निघतं.

आता नायकाकडे या. १९८१च्या पहिल्या चित्रपटात इंडियाना जोन्स शूर आहे, हुशार आहे, पण आतून हलत नाही. १९८४चा हा दुसरा, कथेच्या काळाने मात्र एक वर्ष आधीचा, म्हणजे १९३५चा. इथे तो पैसा आणि कीर्तीच्या मागे लागलेला माणूस आहे. गावातून पळवलेला तो दगड आणि त्याच्यासारखेच इतर दगड हाती लागतात, निसटून जाणं शक्य असतं. तेवढ्यात खाली खाणीत राबणारी, चाबकाचे फटके खाणारी मुलं त्याला दिसतात आणि तो मुकादमावर एक साधा धोंडा भिरकावतो. तिथेच तो पकडला जातो. मग राजवाड्यातले, नरबळी देणारे देवीचे उपासक त्याला जबरदस्तीने रक्त पाजतात आणि तो त्यांच्यातलाच एक होतो. जिवाला जीव देणाऱ्या आपल्या लहानग्या साथीदाराच्या, शॉर्ट राउंडच्या थोबाडीत मारतो. शेवटी ते पोरच मशालीचा चटका देऊन त्याला भानावर आणतं.

हा चटका मला पहिल्या चित्रपटातल्या साऱ्या पाठलागांहून मोठा वाटतो. नायक वाईटाशी लढतो हे आपण हजारदा पाहिलंय. इथे वाईट त्याच्या अंगात शिरतं आणि त्याला सोडवायला एक लहान मूल लागतं. एवढा अंधार नसता तर शेवटी तो दगड गावाला परत देतो, त्याला काही किंमत आली नसती.

आणि त्या उपासकांचा म्होरक्या झालेला अमरीश पुरी! सत्यदेव दुबेंच्या नाटकांतून घडलेला हा नट तुळतुळीत डोक्याने, नुसत्या डोळ्यांनी आणि आवाजाने पडदा व्यापतो. भूमिकेच्या लेखनात खोट आहे, त्याच्या कामात नाही.

दिग्दर्शक स्पीलबर्गना स्वतःलाच हा चित्रपट पुढे फार अंधारा वाटला. मला तसं वाटत नाही.

मुलांना दाखवावा का, हेही काहीजण विचारतात. अगदी लहानांना नको. काळीज उपटण्याचा प्रसंग खरंच भीषण आहे. यावरून आणि त्याच उन्हाळ्यातल्या 'ग्रेमलिन्स' या चित्रपटावरून ओरड झाली, म्हणून तर अमेरिकेत १९८४ साली पीजी-१३ हा, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा, नवा दर्जा आला. तेरा-चौदाच्या पोरांना जरूर दाखवा, पण शेजारी बसा, आणि मेजवानीचा प्रसंग आला की चित्रपट थांबवून त्यांना सांगा, हे खोटं आहे.