आत्ता किती?

अपघातानंतर वर्षभर आमच्या घरात ‘अपघात’ हा शब्द कुणी काढला नाही. बातम्यांत चेपलेली गाडी दिसली की आई धावत रिमोट शोधायची. सगळं माझ्याच भल्यासाठी. पण त्याच वर्षात आधी माझं गाडी चालवणं सुटलं, मग गाडीत बसणं, आणि शेवटी तर रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहणंसुद्धा.

मग थेरपी सुरू केली. दोन-तीन भेटींनंतर थेरपिस्ट म्हणाल्या, “डोळे मिटा आणि आत्ता घडतंय असं सांगा.” माझे हात स्टिअरिंगवर आहेत, समोरून ट्रक येतोय... मधूनमधून त्या विचारायच्या, “आत्ता किती?” 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी मी 95 म्हटलं आणि रडत सुटले. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं असायचं. माझाच कापरा आवाज. काही आठवड्यांनी, काच फुटते त्या वाक्याला, आकडा 40 वर आला.

विद्यापीठांतल्या ‘सेफ स्पेस’चा, म्हणजे मनाला त्रास देणारं काही कानी पडणार नाही अशा सुरक्षित जागांचा, वाद वाचताना मला थेरपीची ती खोली आठवते. 2016 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एका डीननी नव्या विद्यार्थ्यांना पत्रातून कळवलं होतं की ट्रिगर वॉर्निंगला (त्रासदायक मजकुराआधी दिलेल्या सूचनेला) आमचा पाठिंबा नाही आणि न पटणाऱ्या विचारांपासून लपायला ‘सेफ स्पेस’ मिळणार नाहीत. वाचून चीड आली. घाबरलेला माणूस लाडावलेलाच असतो का?

तरी एक मान्य करायला हवं. ट्रिगर वॉर्निंगवरच्या अभ्यासांचा 2023 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. सूचना दिल्याने त्रास कमी होत नाही, उलट आधीची धास्ती वाढते, असं त्यात दिसलं. मला ते पटतं. आई रिमोटकडे धावली की माझ्या पोटात गोळा यायचा, बातमी दिसायच्या आधीच.

पण त्या खोलीचं दार बंद होतं, ऐकणारी व्यक्ती घाई करत नव्हती, आणि ‘आज इथेच थांबू’ म्हणायची मला मुभा होती. एवढं नसतं तर पहिलं वाक्यही तोंडातून फुटलं नसतं. सुरक्षित जागा मला हवीच आहे, ट्रकबद्दल बोलता यावं म्हणून.

मागच्या महिन्यात आईला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले. ट्रकपर्यंत आले तसा तिने माझा हात घट्ट धरला. “पुरे गं,” म्हणाली. तिच्या बोटांना कंप सुटला होता. वर्षभर ती रिमोट कुणासाठी शोधत होती, ते मला तेव्हा कळलं.

मी थांबले. मग हळूच विचारलं, “आई, आत्ता किती?”