स्ट्रायपर शोधायचा तर आधी त्याचं खाणं शोधा : रॅरिटन बेवरचा माझा अनुभव

एडिसनला राहायला आलो आणि कोकणातली गळ टाकायची सवय पुन्हा सुरू झाली. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सगळ्यांचा जीव एकाच माशात अडकलेला : स्ट्राइप्ड बास, बोलताना स्ट्रायपर. रुपेरी अंग आणि त्यावर लांबीला सात-आठ काळ्या रेघा. इथे खाऱ्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागत नाही, फुकट नोंदणी तेवढी करायची. ती ऑनलाइन झाली. खरं शिकणं पुढे होतं, कारण हा मासा वर्षभर एका जागी राहत नाही आणि एकच एक खातही नाही.

माझी जागा रॅरिटन बे, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधली खाडी. तिथे स्ट्रायपरचा हंगाम उघडतो १ मार्चला. पाणी गारठलेलं असतं, मासा सुस्त, कशाच्या मागे धावत नाही. पण उथळ, चिखलाचा भाग उन्हाने आधी तापतो आणि तिथले किडे हलायला लागतात. म्हणून मी दुपारी जातो आणि ब्लडवर्म (चिखलात राहणारा लालसर किडा) किंवा शिंपल्याचा तुकडा तळाला सोडतो. ब्लडवर्म महाग पडतात, तरी मार्चमध्ये पैसे वाचवू नयेत असं माझं मत.

एप्रिलमध्ये बंकर येतो आणि सगळं चित्र पालटतं. बंकर म्हणजे मेनहेडन : फूटभर लांब, चपटा, तेलकट, कल्ल्यामागे काळा ठिपका. प्लवक गाळून खाणारा गरीब मासा. त्याचा थवा वर आला की पाण्यावर शिरवा पडल्यासारखी थरथर दिसते, वर मासे टिपणारे ऑस्प्रे पक्षी घिरट्या घालतात. थवा निवांत फिरत असेल तर मी रॉड खाली ठेवतो. अचानक सगळा थवा उसळून फुटला, की खाली स्ट्रायपर आहे हे नक्की. हडसन नदीत अंडी घालायला निघालेल्या मोठ्या माद्या याच सुमारास इथे चरतात. आमिष लावायचं तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळच हवा, हा नियम २०२१ पासून आहे. ठेवायला दिवसाला एकच मासा, २८ ते ३१ इंचांतला. त्याहून मोठा सोडून द्यायचा. मला हा नियम मनापासून पटतो, कारण मोठ्या मादीच्या पोटात अंडीही जास्त. पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांची मासेमारी सांभाळणाऱ्या अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशनने २०२० पासून बंकरच्या पकडीचे निकष लावताना स्ट्रायपरची भूकही हिशेबात धरली आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं.

जूननंतर मोठे मासे उत्तरेला न्यू इंग्लंडकडे जातात. मी सँडी हूक या खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्ट्याच्या समुद्राकडच्या बाजूला पहाटे उभा राहतो. लाट मागे सरली की ओल्या वाळूत इंग्रजी व्हीसारख्या खुणा उमटतात. त्या खाली उलटे घुसलेल्या अंगठ्याएवढ्या खेकड्यांच्या. इथे त्यांना सँड फ्ली म्हणतात. लहान स्ट्रायपर त्यांच्यासाठी गुडघाभर पाण्यात येतात, त्यामुळे लांब फेकण्यात काहीच हशील नाही.

सप्टेंबरात बोई किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे सरकू लागते. ती दिसली की माझा हात अजून कोकणातला पाग (हाताने फेकायचं जाळं) शोधतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र माझे सगळ्यात लाडके महिने. यंदा जन्मलेले बोटभर बंकर, म्हणजे पीनट, पाणी गार झालं की बेमधून बाहेर पडतात आणि बेच्या तोंडाशी स्ट्रायपर टपलेले असतात. ईशान्येकडून वादळ आलं तर लाटा मोठाले शिंपले किनाऱ्यावर फेकतात. मग दोन-तीन दिवस साधा शिंपल्याचा मांसल तुकडा कुठल्याही ल्युअरला, म्हणजे बनावट आमिषाला, भारी पडतो. ठेवलेला मासा साफ करताना मी त्याचं पोट नेहमी उघडून बघतो. गेल्या हंगामात एकाच्या पोटात ओंजळभर पीनट निघाले, बहुतेक डोक्याकडून गिळलेले, काहींचे खवले अजून चमकत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच मापाचा, चपटा ल्युअर लावला.

नोव्हेंबर सरताना पोटात पेन्सिलीहून बारीक सँड ईल (वाळूत लपणारे लांबट मासे) दिसायला लागल्या, की चपटे ल्युअर घरी राहतात आणि पिशवीत फक्त लांबट, बारीक धातूचे जिग, म्हणजे वजनदार ल्युअर, असतात.