ओट्याखालच्या पट्टीमागे गेलेली चिंगी : माझा अनुभव

आमच्या घरी लेपर्ड गेको जातीची एक पाल आहे; तिचे नाव चिंगी. इंग्लंडमध्ये ही पाल पाळण्यासाठी परवाना लागत नाही आणि आमच्या भाडेकरारात तिच्यासाठी घरमालकाची लेखी परवानगीही नोंदलेली आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचा सारा मनस्ताप या नोंदीकडे कोणी वेळेवर न पाहिल्यामुळे झाला. गेल्या जानेवारीत, ऐन थंडीत, ती काचपेटीतून बाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. ती सुखरूप सापडली. पण ती कुठे आहे हे कळल्यानंतरही तिच्यापर्यंत पोहोचायला जो वेळ गेला, त्याचा संताप अजून शमलेला नाही.

शोधाबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली चिकटून राहण्याची जी सोय असते, ती लेपर्ड गेकोला नसते. त्यामुळे ती गुळगुळीत भिंत किंवा काच चढू शकत नाही आणि शोध जमिनीलगतच घ्यायचा असतो. पडदा किंवा सोफ्याचे खरखरीत कापड मात्र तिला चढता येते. आम्ही प्रथम सगळ्या खोल्यांची दारे लावून त्यांच्या फटींत टॉवेल सारले, पाठ मागे रेलणारी खुर्ची कोणीही हलवायची नाही असे ठरवले, आणि जोडे, पिशव्या, धुण्याचे कपडे, फ्रिजची मागची बाजू असे एकेक तपासत गेलो. विजेरी उभी न धरता जमिनीला समांतर धरली, तर कोपऱ्यातली लहान वस्तूही लांब सावलीमुळे लक्षात येते. ही पाल संधिप्रकाशात आणि रात्री फिरते, दिवसा अरुंद अंधाऱ्या जागेत अंग चोरून बसते. त्यामुळे दिवसभर घर उलथेपालथे करण्यापेक्षा दिवे मालवल्यानंतरचा शोध अधिक उपयोगी पडतो.

खरा माग लागला तो तांदळाच्या पिठीमुळे. मोदकांसाठी आणलेली पिठी गाळणीतून प्रत्येक दाराशी आणि भिंतींच्या कडेने अगदी पातळ भुरभुरली. सकाळी स्वयंपाकघरात बारीक पावलांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ स्पष्ट उमटलेली होती, आणि ती रेघ भांडी धुण्याच्या यंत्राच्या शेजारी, कपाटांच्या पायथ्याशी बसवलेल्या लाकडी पट्टीखालच्या फटीत गेली होती. पट्टीमागून गरम पाण्याची नळी जाते. थंड रक्ताच्या प्राण्याला जानेवारीत याहून चांगली जागा मिळणार नव्हती, आणि म्हणूनच ती आपण होऊन बाहेर येईल अशी आशाही कमी होती.

आता फक्त ती पट्टी काढायची होती. घर भाड्याचे, ओट्याला हात लावून काही तुटले तर अनामत रकमेतून कापले जाईल, म्हणून मी घर सांभाळणाऱ्या एजन्सीच्या कार्यालयात फोन केला. दुरुस्तीची विनंती संकेतस्थळावरच्या अर्जातून करा, असे उत्तर मिळाले. त्या अर्जात बॉयलर, गळती, कुलूप, वीज आणि ‘घरात शिरलेले कीटक वा प्राणी’ एवढेच पर्याय होते आणि त्यांतला एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मी शेवटचा पर्याय निवडला आणि खालच्या चौकटीत सविस्तर लिहिले की हा आमचा पाळीव प्राणी आहे, तो जिवंत हवा आहे आणि फक्त पट्टी काढून हवी आहे. चौकटीतला मजकूर कोणी वाचला नाही. दुसऱ्याच दिवशी कीटकनियंत्रण करणाऱ्या कंत्राटदाराकडून निरोप आला की त्यांचा माणूस येऊन फवारणी करील आणि चिकट सापळे लावील.

हा निरोप वाचून माझे हातपाय गार पडले. कीटकनाशकाची फवारणी पालीला विषारी ठरू शकते, आणि चिकट सापळ्यात अडकलेली पाल धडपडीत कातडी वा बोटे गमावते. (चुकून अडकलीच, तर ओढू नये, खाद्यतेल हलक्या हाताने लावत सोडवावी आणि पशुवैद्याकडे न्यावे.) मी कंत्राटदाराला फोन केला, तर रद्द करण्याचा अधिकार एजन्सीला आहे असे त्यांनी सांगितले; एजन्सीला केला, तर अर्ज क्रमांक दिला की प्रकरण दुसऱ्या विभागाकडे जाते असे कळले. त्या विभागाचा फोन वाजत राही आणि तुटे. शेवटी एका बाईंनी तो उचलला आणि ‘पाल आहे, म्हणजे ती घालवायचीच ना?’ असे विचारले. माझी लेक शेजारीच उभी होती आणि फोनमधले प्रत्येक वाक्य तिला ऐकू येत होते. फवारणी कशीबशी रद्द झाली, परंतु सुतारासाठी नवा अर्ज करा आणि वाट पाहा, असे उत्तर मिळाले.

मधल्या काळात तग धरण्यासाठी जे केले ते सांगते. सुदृढ पालीच्या जाड शेपटीत चरबीचा साठा असतो, त्यामुळे ती काही आठवडे न खाता राहू शकते. पाण्याची आणि उबेची चिंता मोठी. फटीबाहेर उथळ बशीत पाणी ठेवले, गुळगुळीत काठाच्या वाटीत मीलवर्म (तिच्या खाण्यातल्या जिवंत अळ्या) ठेवले आणि तिची नेहमीची लपण्याची जागा हीट मॅटवर, म्हणजे तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट लावलेल्या विजेच्या गरम चटईवर, मांडली. जिवंत रातकिडे मात्र मोकळे सोडू नयेत, ते थंडावलेल्या पालीला चावतात. वाटीतले मीलवर्म एका रात्री कमी झाले, तेव्हा ती जिवंत असल्याची खात्री पटली आणि लेक बऱ्याच काळाने पोटभर जेवली.

मार्ग निघाला तो मागणी बदलल्यावर. ‘माणूस पाठवा’ असे लिहिणे सोडून मी एजन्सीला एकच ईमेल लिहिली : भाडेकरारातील परवानगीचे पान सोबत जोडले आहे, पट्टी मी स्वतः काढून पुन्हा बसवीन, आधीची आणि नंतरची छायाचित्रे पाठवीन, याला लेखी संमती द्यावी. ती त्याच दुपारी आली. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हीच मागणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती पट्टी कपाटांच्या पायांना केवळ प्लास्टिकच्या चिमट्यांनी अडकवलेली होती आणि दोन्ही हातांनी पुढे ओढताच सुटली.

चिंगी नळीला अंग लावून बसली होती. शेपटी धरली तर ती तुटून पडू शकते, म्हणून पोटाखालून तळहात सरकवून उचलले. बोटांना गुंडाळलेले केस सोडवले आणि कुठे भाजले आहे का, ते पाहिले. तिला लगेच खाऊ घातले नाही, कारण अंगात ऊब आल्याशिवाय पालीला अन्न पचत नाही. आधी पेटीत 30 अंशांच्या आसपास तापलेल्या बाजूला तिला निवांत बसू दिले आणि दुसऱ्या दिवशी खाऊ दिले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 58 ग्रॅमवरून 52 वर आलेले दिसले, ते महिन्याभरात भरून आले. पेटीच्या सरकत्या काचांना आता कुलूप आहे, आणि एजन्सीच्या संमतीनेच पट्टीखालची फटही लाकडी फळीने बुजवून घेतली आहे.